लाँगबोर्डाचे चाक : घसरण, पकड आणि सहज प्रवास

सायकलीचा वेग ब्रेकने आवरता येतो, बैलगाडीचा कासऱ्याने. लाँगबोर्डावर उभ्या राहिलेल्या मुलाच्या हाती मात्र आवरण्यासाठी काहीच नसते. एक लांब फळी, तिच्या खाली धातूचे दोन सांधे आणि चार चाके, एवढेच ते वाहन. उतारावर ते धावू लागले म्हणजे थांबण्याचे मुख्य मार्ग दोनच : एक पाय रस्त्यावर घासत नेणे, किंवा सबंध फळी आडवी करून चाकेच रस्त्यावर घसरत नेणे. पहिला मार्ग मंद वेगात पुरतो. वेग वाढला की दुसऱ्यावाचून गत्यंतर नसते. आणि त्या क्षणी चाक रस्ता कसा सोडते व पुन्हा कसा धरते, यावर स्वाराची हाडे शाबूत राहणे अवलंबून असते. म्हणून चाकाची निवड हा रंगाचा किंवा शोभेचा प्रश्न नव्हे. आपण थांबणार कसे, हे चाक घेतानाच ठरत असते. हा मुद्दा ध्यानात ठेवून प्रस्तुत लेखात आम्ही लाँगबोर्डाच्या चाकांचा विचार करणार आहोत.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी लाँगबोर्ड पाहिलाही नसेल. तथापि बेळगाव, इंदूर, बडोदे अशा शहरांत चाकांचे बूट घालून स्केटिंग शिकणारी मुले आता दृष्टीस पडतात, आणि त्यांच्या बुटांची चाकेही बहुधा याच पदार्थाची असतात. शिवाय पाठ्यपुस्तकातील घर्षणाचा पाठ ज्यांना रुक्ष वाटतो, त्यांस तो येथे रस्त्यावर धावताना दिसेल.

चाकाचा पूर्वेतिहास

या खेळाचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात विसाव्या शतकाच्या मध्यास झाला. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवर स्वारी करणाऱ्या तरुणांना, लाटा नसतील त्या दिवशी, तोच आनंद रस्त्यावर हवा होता. त्यांनी चाकांच्या बुटांची चाके काढून ती लाकडी फळीस ठोकली. ही चाके प्रथम पोलादी असत. पुढे अनेक पदार्थ मिसळून दाबून घडविलेली कठीण चाके आली. त्यांना तिकडे ‘मातीची चाके’ असेच म्हणत. या दोन्हींचा दोष एकच होता : ती रस्ता धरीत नसत. वाटेत हरभऱ्याएवढा खडा आला तरी चाक अडे आणि स्वार पुढे फेकला जाई. अपघात वाढले, आणि १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील कित्येक नगरांनी या खेळावर बंदी घातली. खेळ जवळजवळ मावळला.

त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आली ती एका रासायनिक पदार्थामुळे. जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली पॉलियुरेथेन तयार केले होते. १९७० साली फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनिया प्रांतातील पर्सेलव्हिल या गावच्या एका कारखान्यात या पदार्थाची चाके पाहिली. चाकांच्या बुटांवर नवशिक्यांना अधिक पकड मिळावी म्हणून ती केलेली होती. त्याने ती आपल्या फळीस लावली आणि फरक त्याच्या तत्काळ ध्यानात आला. पुढे कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथे राहून १९७३ च्या सुमारास तो ती ‘कॅडिलॅक’ या नावाने विकू लागला. थोड्याच वर्षांत मातीची चाके मागे पडली.

पॉलियुरेथेनमध्ये रबराचा लवचीकपणा आणि झीज सोसण्याची शक्ती ही दोन्ही एकत्र आढळतात. मुख्य गोष्ट अशी की, घटकद्रव्यांची निवड व प्रमाण बदलून त्याचा कठीणपणा हवा तसा ठरविता येतो. चाकांत निवड करण्याचा प्रश्न उत्पन्न झाला तो यामुळेच.

चाक कसे वाचावे

चाकावर बहुधा दोन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ, ‘७० मिलिमीटर, ८० ए’. पहिला आकडा व्यासाचा. दुसरा कठीणपणाचा. कठीणपणा मोजण्याच्या उपकरणास ड्युरोमीटर म्हणतात. त्यातील एक बोथट टोकाची पोलादी खुंटी ठरावीक स्प्रिंगच्या जोराने पदार्थावर दाबतात. खुंटी पूर्ण रुतली तर शून्य, मुळीच रुतली नाही तर १००. अशी ही मोजपट्टी आहे. अल्बर्ट शोअर यांच्या नावावरून तिला ‘शोअर ए’ म्हणतात, आणि आकड्यापुढील ‘ए’ हे अक्षर तेथूनच आले. मोटारीच्या टायरचा रस्त्यास टेकणारा भाग या पट्टीवर साधारणतः ६० ते ७० भरतो. लाँगबोर्डाची चाके सामान्यतः ७५ ते ८६ या मर्यादेत असतात. सिमेंटच्या गुळगुळीत मैदानात कसरती करणाऱ्यांची लहान चाके मात्र ९५ ते १०१ इतकी कठीण असतात. १०१ हा आकडा पट्टीच्या बाहेरचा वाटेल; तो कारखानदारांनी व्यवहारात रूढ केलेला आहे, इतकेच.

चाकावर न छापलेल्या, परंतु तितक्याच महत्त्वाच्या, आणखी चार गोष्टी डोळ्यांनी पाहून ओळखाव्या लागतात.

पहिली, स्पर्शपट्टीची रुंदी. म्हणजे चाकाचा किती रुंद भाग प्रत्यक्ष रस्त्यास टेकतो ते.

दुसरी, कडेचा आकार. काही चाकांची कड काटकोनात कापल्यासारखी धारदार असते, काहींची गोलाई दिलेली असते.

तिसरी, गाभ्याची जागा. चाकाच्या पोटात जो कठीण गाभा असतो, त्यात बेअरिंगे बसतात. हा गाभा काही चाकांत बरोबर मध्यभागी, काहींत मध्यापासून किंचित सरकलेला आणि काहींत आतील कडेलगत असतो. बेअरिंगचे माप मात्र ठरलेले असते : आतील व्यास ८, बाहेरील २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. त्यामुळे एकाचे बेअरिंग दुसऱ्याच्या चाकात सहज बसते.

चौथी, पृष्ठभाग. साच्यातून निघालेल्या चाकावर चकचकीत कातडीसारखा थर असतो. काही कारखान्यांत तो दगडी चाकावर घासून काढून टाकतात.

पकड आणि घसरण

दोन पृष्ठभागांमधील घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे आपण शिकतो. हा नियम १६९९ साली फ्रान्समधील ग्योम आमाँताँ यांनी मांडला आणि १७८५ साली कुलाँ यांनी तो आपल्या प्रयोगांनी पुष्ट केला. लाकूड आणि धातू यांसारख्या कठीण पदार्थांना तो बराचसा लागू पडतो. परंतु रबर व पॉलियुरेथेन हे पदार्थ दबतात. डांबरी रस्त्याकडे जवळून पाहिल्यास तेथे खडीची बारीक शिखरे व दऱ्या दिसतील. मऊ चाक त्या दऱ्यांत शिरते, कठीण चाक शिखरांवर तरंगते. म्हणून येथे किती क्षेत्र रस्त्यास टेकले याला महत्त्व येते. आणि मऊ व रुंद चाक कठीण व अरुंद चाकापेक्षा रस्ता अधिक घट्ट धरते.

कडेचे कार्यही यावरून उलगडते. फळी आडवी होऊ लागली म्हणजे चाकाची कड रस्त्यास प्रथम भिडते. ती धारदार असेल तर खडीत रुतून घसरणीस अखेरपर्यंत विरोध करते, आणि सुटते तेव्हा एकाएकी सुटते. गोल कड मात्र रस्त्यावरून हलकेच वर चढते. त्यामुळे चाक लवकर सुटते आणि सुटणार हे स्वारास आधी जाणवते. गाभा आतील कडेलगत असला की कडेपाशी टेकणारा लवचीक भाग थोडाच उरतो, व असे चाक सुलभतेने घसरते. गाभा मध्यभागी असलेले चाक अधिक धरून ठेवते. शिवाय ते उलटसुलट बसविता येते.

नवीन चाकाचा चकचकीत थर आरंभी वेगळाच वागतो. तो घासून गेल्यावाचून चाकाचे खरे वर्तन कळत नाही. म्हणून नव्या चाकांवर पहिल्याच दिवशी मोठ्या उतारावर जाऊ नये. घासून दिलेली चाके पहिल्यापासून एकसारखी घसरतात, म्हणून घसरण शिकणारे त्यांना पसंती देतात.

आता घसरताना काय घडते ते पाहू. सरळ धावणाऱ्या चाकाचा रस्त्यास टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो. तेथे स्थितिक घर्षण असते. फळी आडवी झाली की चाक बाजूला खेचले जाते, स्थितिक घर्षणाची मर्यादा ओलांडली जाते आणि गतिक घर्षण सुरू होते. स्वाराची गतिज ऊर्जा मग उष्णतेत आणि चाकाच्या झिजेत खर्च होते. घसरणीनंतर रस्त्यावर चाकाच्या रंगाचे पट्टे उमटलेले दिसतात, ते याच झिजेचे. फळीसह ६० किलोग्रॅम वजनाचा मुलगा ताशी २० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ९२६ जूल भरते. वेग ४० किलोमीटर झाला तर ती सुमारे ३,७०४ जूल होते. वेग दुप्पट, पण नाहीशी करावयाची ऊर्जा चौपट! पायाने ब्रेक लावण्याची रीत कोठे अपुरी पडते, हे एवढ्या गणितावरून स्पष्ट व्हावे.

व्यास आणि रस्ता

मोठे चाक अडथळा सहज ओलांडते हे बैलगाडीकडे पाहूनही कळते. परंतु ते किती सहज, हे आकड्यांत पाहणे बोधप्रद आहे. चाक मंदगतीने ५ मिलिमीटर उंचीच्या पायरीस भिडले असे समजू. पायरीच्या कडेभोवती बलांच्या आघूर्णांचा हिशेब मांडला, तर ५२ मिलिमीटर व्यासाच्या कठीण चाकाला ती चढण्यासाठी त्यावरील भाराच्या ७३ टक्के इतके आडवे बल लागते. ७५ मिलिमीटरच्या चाकाला ५८ टक्के पुरते. पायरी १० मिलिमीटरची असेल तर हेच आकडे अनुक्रमे १२८ व ९३ होतात. म्हणजे लहान चाकाच्या बाबतीत लागणारे बल भारापेक्षाही अधिक होते. जुन्या काळी स्वार खड्यावर अडून का फेकले जात, त्याचे उत्तर यात आहे. मऊ चाक तर खडा काही अंशी पोटातच सामावून घेते, त्यामुळे अडथळा आणखी कमी होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कठीण चाक कमी दबते, म्हणून ते नेहमीच अधिक वेगाने धावते, अशी पुष्कळांची समजूत असते. गुळगुळीत फरशीवर ते खरे आहे. खडबडीत रस्त्यावर मात्र कठीण चाक प्रत्येक खडीवर उसळते. फळी व पाय थरथरतात, आणि ती थरथर वेगातूनच वजा होते. तेथे मऊ व मोठे चाक पुढे जाते.

मोठ्या चाकाचेही तोटे आहेत. ते जड असते, वेग घेण्यास वेळ लावते, आणि फळी अधिक कलली तर तिच्या खालच्या बाजूस घासते. चाक असे फळीस लागले की जागच्या जागी थांबते आणि स्वार पडतो. म्हणून मोठी चाके लावण्यापूर्वी फळी पूर्ण कलवून मध्ये अंतर राहते की नाही ते पाहावे. अंतर नसेल तर सांधा आणि फळी यांच्यामध्ये जाड पट्टी बसवावी, किंवा लहान चाक घ्यावे.

तीन प्रयोजने

या विवेचनावरून निवडीचे तीन प्रकार सहज हाती येतात. पुढील आकडे सर्वसाधारण मानावेत. कारखान्यागणिक त्यांत थोडाफार फरक पडतो.

सहज प्रवासासाठी, म्हणजे सपाट रस्त्यावर किंवा अगदी सौम्य उतारावर फेरफटका करण्यासाठी, ६५ ते ७५ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ ते ८० कठीणपणाचे चाक योग्य. कडेच्या आकाराकडे येथे फारसे पाहण्याचे कारण नाही. मात्र असे मऊ चाक घसरविणे नवशिक्यास साधत नाही. तो पायानेच थांबणार हे निश्चित. म्हणून जेथे पायाने थांबता येईल, तेवढाच उतार त्याचा.

घसरण शिकण्यासाठी ६५ ते ७२ मिलिमीटरचे, ८० ते ८६ कठीणपणाचे, गोल कडेचे, फार रुंद नसलेले आणि पृष्ठभाग घासलेले चाक घ्यावे. येथे चाकाने केव्हा सुटावे यापेक्षा कसे सुटावे याला महत्त्व आहे. हळूहळू व पूर्वसूचना देऊन सुटणारे चाक हा शिकाऊ स्वाराचा खरा शिक्षक होय.

पकडीसाठी, म्हणजे उताराच्या शर्यतीत वेगाने वळणे घेण्यासाठी, ७० ते ७५ मिलिमीटरचे, ७८ ते ८० कठीणपणाचे, रुंद स्पर्शपट्टीचे व धारदार कडेचे चाक वापरतात. गाभा मोठा असला म्हणजे कडेला आधार मिळतो व वळणावर चाक मुरगळत नाही. परंतु ध्यानात ठेवावे की, शर्यतीतील स्वारही थांबताना घसरतोच. फक्त त्याला ते सुटण्यास न राजी असलेले चाक आपल्या कौशल्याने सोडवावे लागते. म्हणून अधिक पकड म्हणजे अधिक सुरक्षितता, हे समीकरण नवशिक्याच्या बाबतीत खरे ठरत नाही. घट्ट धरणारे चाक अर्धवट घसरून मध्येच पुन्हा पकडते, आणि फळी थांबून माणूस मात्र पुढे जातो.

स्वाराचे वजन आणि हवामान यांचाही विचार करावा. भारी स्वाराखाली मऊ चाक अधिक दबते, म्हणून त्याने थोडे कठीण घ्यावे. हलक्या मुलाला थोडे मऊ मानवते. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर पॉलियुरेथेन अधिक मऊ पडते. ओल्या रस्त्यावर पकड पुष्कळ कमी होते आणि बेअरिंगे गंजतात; पावसात ही फळी घरीच ठेवावी.

झीज

घसरणारे चाक झिजणारच. मात्र झीज कशी होते त्यावरून स्वाराची रीत कळते. फळी अगदी काटकोनात आडवी केली तर चाके फिरेनाशी होतात आणि एकच जागा रस्त्यावर घासली जाते. तेथे सपाट चट्टा पडतो, आणि पुढे चाक फिरताना ठरावीक अंतराने ठकठक आवाज येतो. घसरतानाही चाके थोडी फिरत राहतील इतकाच कोन ठेवणे हा त्यावर उपाय. दुसऱ्या प्रकारात चाक एका कडेस अधिक झिजून शंकूसारखे होते. चारही चाकांची अदलाबदल अधूनमधून केल्यास, आणि गाभा मध्यभागी असेल तर चाक उलटे बसविल्यास, झीज सारखी होते. सहज प्रवासाची चाके वर्षानुवर्षे टिकतात. घसरणीची चाके खर्ची पडावी म्हणूनच घेतलेली असतात, हे पैसे मोजण्यापूर्वी पालकांनीही जाणून असावे.

एक आवश्यक इशारा

घर्षण व हवेचा विरोध सोडून हिशेब केला, तर १० मीटर उंची उतरून आलेल्या वस्तूचा वेग सेकंदास १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर होतो. प्रत्यक्षात तो काहीसा कमी भरेल. पण दहा मीटर म्हणजे तिमजली घराची उंची, आणि एवढा उतार आपल्या कोणत्याही टेकडीवर सापडतो. चोर्ला किंवा आंबोली येथील घाट पाहून एखाद्यास मोह पडेल. त्या रस्त्यांवर मालमोटारी व प्रवासी गाड्या अहोरात्र चालतात. तेथे ही फळी नेणे म्हणजे आत्मघात होय. अमेरिकेतही उताराच्या शर्यती रहदारी बंद केलेल्या रस्त्यांवर होतात. वॉशिंग्टन प्रांतातील मेरीहिल येथे विसाव्या शतकाच्या आरंभी सॅम हिल यांनी बांधविलेला वळणावळणांचा जुना रस्ता अशा शर्यतींसाठी प्रसिद्ध झाला.

घसरण्याची जी रीत आज प्रथम शिकवितात, ती कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या टेकड्यांवर उतरणारे क्लिफ कोलमन यांच्या नावाने ओळखली जाते. तीत स्वार गुडघे वाकवून खाली बसतो, हातमोजा घातलेला एक तळवा रस्त्यावर टेकवितो आणि फळी आडवी फिरवितो. त्या हातमोज्याच्या तळव्यास कठीण प्लॅस्टिकची चकती बसविलेली असते. शिरस्त्राण, असे हातमोजे आणि गुडघ्यांचे पट्टे यांवाचून चाकांची चर्चा व्यर्थ आहे. ही रीत प्रथम रिकाम्या आवारात, चालण्याच्या वेगाने, जाणकाराच्या देखरेखीखाली शिकावी. आणि ती अंगवळणी पडल्यावरच पुढचा उतार गाठावा.

सारांश, सर्वांत उत्तम असे चाक जगात नाही. व्यास वाढविला की रस्ता सुसह्य होतो, पण चपळाई घटते. मऊपणा वाढविला की पकड मिळते, पण सुटणे कठीण होते. कड गोल केली की घसरण सोपी होते, पण वळणावरचा विश्वास कमी होतो. म्हणून दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : माझा रस्ता कोणता? माझा वेग किती? आणि मी थांबणार कसा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यास देता येत नाही, त्याने सपाट मैदान सोडू नये, अशी आमची कळकळीची सूचना आहे.

स्वाध्याय

१. ७० मिलिमीटर व्यासाचे चाक १ किलोमीटर अंतरात किती फेरे घेईल? ५२ मिलिमीटरच्या चाकाशी तुलना करा. कोणाची बेअरिंगे अधिक फिरतात?

२. घर्षण व हवेचा विरोध नाही असे मानून, ५ मीटर उंची उतरलेल्या स्वाराचा वेग काढा. उंची निम्मी झाली तरी वेग निम्मा का होत नाही?

३. खोडरबराचा ठोकळा काचेवर आणि मग सिमेंटवर ओढून पाहा. स्प्रिंगच्या काट्याने लागणारे बल मोजा. ठोकळा आडवा व उभा ठेवल्याने फरक पडतो काय? आमाँताँ यांच्या नियमाशी ताडून पाहा.

४. एक विद्यार्थी सपाट रस्त्याने शाळेत येऊ इच्छितो. दुसरा रिकाम्या आवारात घसरण शिकत आहे. दोघांसाठी चाकाचा व्यास, कठीणपणा व कडेचा आकार सुचवा, आणि कारणे द्या.